बदलीच्या जहाजाची दोन तिकिटं

जहाजांचीही बदली होते, हे मला या धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी की जहाज म्हणजे एसटी. डेपो ठरलेला, मार्ग ठरलेला, संध्याकाळी परत डेपोत. आमच्या सोलापुरात समुद्राविषयी ज्ञान यापेक्षा फार जास्त असायचं कारण नाही.

सात रस्ता चौकात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचं प्रवास कार्यालय होतं. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं, म्हणाले, "मशीन चालवायचंच असेल तर बसून चालवायचं चालव." मालक वारले आणि त्यांच्या मुलानं पुण्यात बस्तान बसवलं, तेव्हा कार्यालय माझ्याच हातात आलं. सुरुवातीची माझी गिऱ्हाइकं आमच्याच वस्तीतली. बोधगया, लुंबिनी, पुढं श्रीलंका. आजीबाई पांढरं पातळ नेसून निघायच्या आणि परतताना माझ्यासाठी पिंपळाचं पान आणायच्या. अशी पानं माझ्या डिक्शनरीत पुष्कळ साठली होती. मग दुबई आली, सिंगापूर आलं, "नऊ दिवसांत सात देश" आलं. माझं काम काय, तर माणसाला कमीत कमी दिवसांत जास्तीत जास्त गोष्टी दाखवणं. त्यात मी तरबेज होते. एका दिवसात दोन राजवाडे, एक धबधबा आणि रात्री भारतीय जेवण. मला स्वतःला यातलं काहीच बघायला मिळालं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला ते जाणवू द्यायचं नाही हीच तर आमची कला.

तर बदलीची गोष्ट. मोठी प्रवासी जहाजं हवा बघून राहतात. आपल्याकडचे धनगर जशी पाऊसपाणी बघून मेंढरं हलवतात, तसंच. जपानच्या बाजूला हंगाम संपला की जहाज तिथला मुक्काम हलवून कॅनडा-अलास्काकडं जातं, कारण तिकडं उन्हाळा लागणार असतो. ते जाणं एकदाच, एकाच दिशेनं. वाटेत गावं नाहीत, नुसतं पाणी. पण जहाज रिकामं कशाला न्यायचं, म्हणून कंपनी त्यातल्याही खोल्या विकते. दिवसांच्या मानानं ही सफर स्वस्त पडते. अडचणी दोन. बघण्यासारखं काही नसतं, आणि जहाज परत आणून सोडत नाही. परतीचं विमान आपलं आपण बघायचं.

मुंबईच्या मोठ्या एजंटाकडून अशा सफरींची यादी यायची. एप्रिलच्या दुपारी सात रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, डांबर पायाला चिकटायचं, पंखा गरम हवाच फिरवायचा. तेव्हा मी ती यादी वाचत बसायची. योकोहामा ते व्हँकुव्हर. मधले नऊ दिवस प्रत्येक ओळीत एकच शब्द: समुद्र. समुद्र. समुद्र. नऊ वेळा. मी त्या ओळींवरून बोट फिरवायची आणि कधी डोळा लागायचा ते कळायचं नाही. जागी व्हायची तेव्हा बोट कधी पाचव्या समुद्रावर असायचं, कधी सहाव्या.

ही सफर मी एकदा माळशिरसच्या एका बागायतदारांना विकायचा प्रयत्न केला. ऊस कारखान्याला घालून मोकळे झाले होते आणि बायकोला "लांब कुटंतरी" न्यायचं होतं. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी लेक सासरी धाडल्यावानी हाय की! न्यायचं त्यांनी, आणाय मुराळी आपला!" एवढं चपखल वर्णन मला कुठल्याही पत्रकात सापडलं नाही. ते सिंगापूरला गेले. त्या नऊ समुद्रांना गिऱ्हाईक मिळालं नाही.

मग एक दिवस नरसय्यामामा आले.

साठी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला चष्म्याची दांडी अडकवलेली. टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात त्यांनी जन्मभर जॉबर म्हणून काम केलेलं. जॉबर म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा माणूस. चाळीस माग एका वेळी धडधडत असताना त्यातला कुठला कुरकुरतोय हे नुसत्या आवाजावरून सांगायचं. घरी ते तेलुगू बोलत, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांची मुलगी श्रीलता कॅनडात व्हँकुव्हरजवळ राहायची. तिनं आईवडलांचा व्हिसा काढून ठेवला होता, आता तिकिटं काढायची होती.

"दोन दिवसांत पोचाल, मामा," मी म्हटलं.

ते हाताचा द्रोण करून उजव्या कानाला लावून पुढं झुकले. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"तसं नको," ते म्हणाले. "हळू जायचं काही हाय का?"

मी माझं नेहमीचं सुरू केलं. वाटेत जर्मनी करू, तीन दिवस थांबा, अमुक पूल, तमुक किल्ला. मामांनी हात वर केला.

"ताई, मला काही बघायचं न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. माग सुटून चार वर्षं झाली होती, पण कानातले माग बंद झाले नव्हते. दिवसभर, जेवताना, झोपताना, खटखट खटखट. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, उजव्यानं थोडं. कानात घालायचं यंत्र घेतलं तर मागच मोठे झाले, म्हणून ते कपाटात ठेवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेलंही हळूहळू जाणार.

"जायच्या आधी एकदा," मामा म्हणाले, "काहीच नसल्यालं ऐकायचंय. सोलापुरात तशी जागा न्हाय. तुमच्याकडं हाय का?"

एवढ्या वर्षांत कुणी माझ्याकडं असं मागितलं नव्हतं. मी ड्रॉवर उघडला आणि ती यादी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवत एकेक ओळ वाचली.

"समुद्र, समुद्र, समुद्र," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी उगाच फाइल शोधायला वळले.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. राजमणीमावशी. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्या तासभर माझ्यासमोर बसल्या आणि चारच शब्द बोलल्या. प्रश्न मी विचारायचा, मामांनी ऐकायचा प्रयत्न करायचा, मावशींनी मान हलवायची. नवऱ्याशी त्या हातानंच बोलत. पाणी हवं का, चष्मा घ्या, उठू या, असं सगळं हातानं. मला वाटलं, स्वभावच अबोल असेल.

मी त्यांना समजावलं. वाटेत उतरता येणार नाही. थंडी फार. आणि एक गंमत, पूर्वेकडं जाताना जवळजवळ रोज घड्याळ एक तास पुढं करायचं, म्हणजे रोज एक तास हरवणार. मग समुद्राच्या मधोमध एक रेघ लागते. ती दिसत नाही, पण ती ओलांडली की तारीख मागं जाते आणि तोच वार पुन्हा येतो. "तुम्हाला दोन मंगळवार मिळतील," मी म्हटलं.

मावशी पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "दुसऱ्या मंगळवारी काय करायचं असतं?"

"काहीच नाही, मावशी. तो फुकटचा."

त्यावर त्या बराच वेळ विचार करत बसल्या.

जपानचा व्हिसा मी काढला. विमानाची तिकिटं, मुंबई ते टोकियो एका बाजूची, आणि चार महिन्यांनी व्हँकुव्हरहून परतीची. जहाजावर खिडकीची खोली घेतली. मावशींनी एक पिशवीभर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, त्यावर मी हसले, तर म्हणाल्या, "जहाजावर भूक लागली तर कुटं जायचं?" बिनतोड होतं.

आता माझी चूक सांगते. ती मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

मी त्यांची फाइल तयार केली. त्यात जहाजाचं तिकीट होतं, आणि त्या कागदावर सफरीचा नकाशा होता: निळ्यावर एक तुटक रेघ, जपानपासून कॅनडापर्यंत. तो कागद मला फार आवडला. खाली जाऊन स्वतःसाठी एक झेरॉक्स काढावी, म्हणून तो मी फाइलीतून काढला. खाली गर्दी होती. वर आले, कागद टेबलावरच्या काचेखाली सरकवला, म्हटलं, उद्या काढू. दुपारी तो बघत बसायची सवयच लागली. मग मामा फाइल घेऊन गेले, आणि कागद काचेखालीच राहिला. रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून तो कुठं असायला हवा हेच मी विसरले.

ज्या दिवशी त्यांचं विमान होतं, त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडं मावशी. आवाज मोठा होता.

"ताई, हे लोक सोडत न्हाईत. म्हणतात, जपानमधून बाहेर जायचं तिकीट दाखवा. जहाजाचा कागद कुटाय?"

मी काचेकडं बघितलं. कागद तिथंच होता.

एका बाजूच्या तिकिटाची ही अडचण असते. परदेशात गेलेला माणूस तिथून बाहेर कसा पडणार, हे विमान कंपनीला आधी दाखवावं लागतं, नाहीतर बसूच देत नाहीत. काउंटरवरचा माणूस खाली स्क्रीनकडं बघून बोलत होता, मामांना काही कळत नव्हतं. ते नुसते "व्हय, व्हय" म्हणत मान हलवत होते, आणि त्यामुळं संशय वाढत होता. चाळीस मिनिटांत काउंटर बंद होणार. आणि हे विमान चुकलं तर जहाज थांबणार नव्हतं. बदलीचं जहाज एकदाच निघतं.

"मावशी, फोन त्या साहेबांना द्या."

एक तरुण आवाज आला. म्हणाला, "मॅडम, टोकियोहून यांचं पुढचं विमान कुठलं?"

"विमान नाही. जहाज आहे."

"जहाज?"

"प्रवासी जहाज. योकोहामाहून कॅनडाला. तिथं मुलगी आहे. तिथून परतीचं विमान फाइलमध्ये आहे, बघा."

"मॅडम, मी इथं तीन वर्षं आहे. जहाजानं कॅनडाला जाणारं कुणी बघितलं नाही." त्याचंही खरंच होतं. "बाजूला थांबायला सांगा त्यांना. लाइन खोळंबलीये."

मग फोनमधून मावशी ऐकू आल्या. त्याला सांगत होत्या, "मी हितनं हलणार न्हाय. माझ्या माणसाला ऐकू येत न्हाय, तर मी सांगते. कागद येतोय. तुमी बघा, मग बोला."

मी काच उचलली, कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. घाईत पहिले दोन फोटो नुसते निळे धुरकट आले. तिसरा नीट आला. तो मावशींच्या फोनवर पाठवला, तर जाईना. आमच्या कार्यालयात नेटवर्क असंच. मी खाली रस्त्यावर पळत गेले, पायात चप्पल नव्हती, हे नंतर तळवे भाजले तेव्हा कळलं. चौकात उभी राहिले, हात उंच केला. तेव्हा कुठं गेला.

वीस मिनिटं काही नाही. मी रस्त्यावरच उभी. मग मावशींचा फोन.

"त्यांनी त्यांच्या मोठ्या साहेबांना दाखवला. सोडलं." थोडं थांबून म्हणाल्या, "ताई, तुमी रडताय काय?"

"नाही," मी म्हटलं.

पुढचे बारा-तेरा दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. कागद तर माझ्याकडंच होता, जहाजावर त्यांना फोटोवरच घेतलं. रोज दुपारी नकाशावर अंदाजानं बोट ठेवायची, आज इथं असतील. उद्या तिथं. मंगळवार आला तेव्हा बोट त्या न दिसणाऱ्या रेघेपाशी थांबलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बुधवार झाला, पण त्यांचा मंगळवारच चालू होता. त्या दिवशी माझंही कामात लक्ष नव्हतं. एकानं गोव्याचं तिकीट मागितलं आणि मी त्याला विचारलं, "परत यायचंय का?"

चार महिन्यांनी दोघं आले. मुलीनं दिलेली चॉकलेटं टेबलावर ठेवली. मामा थोडे बारीक झाले होते. मी आधी माझी चूक कबूल केली. मावशींनी मामांच्या कानाशी तोंड नेऊन ती सांगितली, आणि दोघंही हसले.

"मग, मामा," मी मोठ्यानं विचारलं, "ऐकलं का काहीच नसलेलं?"

मामांनी मान हलवली. नाही.

मग जे झालं ते मावशींनी सांगितलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जमीन दिसेनाशी झाली, मामा पहाटेच डेकवर जाऊन बसले. वारा पडलेला, धुकं दाटलेलं, पाणी आणि आभाळ एकच झालेलं. आणि त्या शांततेत कानातले माग असे सुरू झाले, की कारखान्यातही तसे कधी वाजले नव्हते. बाहेर आवाज होता तोवर आतला दबून होता. आता त्याला झाकायला काहीच उरलं नव्हतं. मामा खोलीत आले, उशी कानावर दाबून पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं. "मला उतरवा," म्हणाले.

"कुटं उतरवणार, ताई?" मावशी म्हणाल्या. "खाली जमीनच न्हाय."

 एवढी वर्षं मी लोकांना प्रवास विकला. माणूस कशासाठी निघालाय हे विचारलं, पण जे मागतोय ते त्याला झेपेल का, हे कधी विचारलं नाही. एखाद्या कानाच्या डॉक्टरांना एक फोन केला असता तरी त्यांनी सांगितलं असतं. तो फोन मी केला नाही, कारण त्या नऊ समुद्रांच्या मी स्वतःच प्रेमात होते.

मावशींनी मामांना डेकवर परत नेलं. दोन खुर्च्या लावल्या, अंगावर ब्लँकेट, डोक्याला माकडटोप्या. आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागल्या. काहीही. मागांपेक्षा वेगळा आवाज कानात जावा, एवढंच. आधी भाकरीचं, मग शेजारणीचं, मग श्रीलता पोटात होती तेव्हाचं. घसा बसला की गरम पाणी पीत, पुन्हा सुरू करत. धुक्यात जहाजाचा भोंगा वाजायचा, तो मामांना छातीत ऐकू यायचा, आणि तेवढ्यापुरत्या मावशी थांबायच्या.

"काय काय बोलले मी, ताई. आठवंना झालंय. ह्यांना एक सांगितलं, की तुमी रोज सकाळी कारखान्याला निघायचा, तवा मी दारातनं 'जाऊन या' म्हणायची. आमच्या भाषेत. तुमी कधी वळून बघितलं न्हाय. मला वाटायचं, राग हाय माझा. मग मीबी बोलायची कमी झाले."

मामा खाली बघत बसले होते. त्यांना हे ऐकू येत होतं की नव्हतं, कळलं नाही.

"मग?"

"मग ते काही बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तो गेला. मग आणखी मंगळवार आला. मी म्हटलं, आता माझं संपलं. कालचंच परत सांगू काय? आणि गप बसले. तर हे बोलाय लागले."

आता मामांनी मान वर केली. त्यांना ऐकू आलं होतं. मावशींच्या ओठांकडं बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "कारखान्यात कुणाला कुणाचं ऐकू येत न्हाय. आमी ओठ वाचतो. चाळीस मागांच्या मागं कोण काय म्हणतंय, मला लांबनं कळायचं. शिवी दिली तरी कळायची. त्या दिवशी मी हिला सांगितलं, मला सगळ्यांचे ओठ येत होते. घरी येऊन तुझ्याकडं बघितलंच न्हाय."

खालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं. 

"माग बंद झाले का मग?" मी विचारलं.

"कुटलं! चालूच हायेत," मामा म्हणाले. "पण आता लांब वाजतात. पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारखे."

जाताना मावशींनी दारात थांबून मला सांगितलं, की उरलेले दिवस त्यांनी दोघांनी तसेच काढले. कधी त्या बोलायच्या, कधी ते. शेवटच्या सकाळी लांब बर्फाचे डोंगर दिसले, जहाजावरचे सगळे लोक कॅमेरे घेऊन धावले. "आमी न्हाय उठलो," त्या म्हणाल्या. "आमचं अर्धं बोलणं राहिलं होतं."

त्यानंतर तशा सफरी मी आणखी दोन-चार जणांना काढून दिल्या. प्रत्येकाला आधी बसवून विचारलं, जमीन दिसेनाशी झाल्यावर काय कराल? दोघं तिथंच परत फिरले. बरंच झालं.

गेल्या वर्षी मी कार्यालय बंद केलं. नरसय्यामामांचा उजवा कानही त्याच सुमारास गेला, पूर्णपणे. हे मला श्रीलताच्या फोनवरून कळलं. वाईट वाटलं, भेटायला जायचं ठरवलं, आणि आपण ठरवतो तसं ते राहून गेलं.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी भाजीमंडईत गेले होते. तिथला कलकलाट काय सांगावा. भाव ओरडणारे, रिक्षांचे हॉर्न, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. मेथीच्या ढिगापाशी राजमणीमावशी उभ्या दिसल्या. मामा दहा पावलं पलीकडं, पिशवी घेऊन गर्दीत. मावशींनी त्यांच्याकडं बघून काहीतरी विचारलं, आवाज न करता, नुसते ओठ हलवून. मध्ये एवढी माणसं. मामांनी तिथूनच खणखणीत उत्तर दिलं, "नको, कालच खाल्ली की!"

स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळत नव्हतं. अख्खी मंडई वळून बघायला लागली. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर काढला, आणि ओठांनीच त्यांना म्हणाल्या, हळू.

ते मलाही वाचता आलं.